आबा सुतारांचं नख

आबा सुतारांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या नखामुळे. मी त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आले त्याच संध्याकाळी हे गृहस्थ न विचारता आत आले, स्वयंपाकघराच्या दारापाशी उकिडवे बसले आणि उजव्या अंगठ्याचं जाड, पिवळट, शिंपल्यासारखं वाकलेलं नख त्यांनी चौकटीच्या बुडाशी दाबलं. ते भिजलेल्या भाकरीत जावं तसं आत गेलं.

"बघितलास गो बाय?" ते म्हणाले. "वरसून रंग हाय म्हणून उभी हाय. आतसून कवाच गेली. नख रुतला की लाकूड गेला."

मग त्यांनी माझं नाव विचारलं आणि चहाला थांबले. त्या पावसाळ्यात चौकट खरोखरच ढासळली. तेव्हापासून मला त्या नखाची थोडी भीतीच वाटायची.

भाट्याच्या खाडीकाठी, घराला लागूनच, आबांचा मांडव होता. जन्मभर त्यांनी मच्छीमारांच्या लाकडी होड्या बांधल्या. आता फायबरच्या होड्या आल्यामुळे नवं काम क्वचित यायचं, पण जुनी होडी दुरुस्त करण्याजोगी आहे की मोडीत काढायची, हे विचारायला लोक आबांकडेच येत. आबा होडीच्या रंगाकडे ढुंकूनही पाहत नसत. खाली वाकून, पाण्यात बुडणाऱ्या फळीवर नख दाबत पुढेपुढे सरकत. होडीचा मालक श्वास रोखून उभा असे. मध्येच कुठेतरी नख आत गेलं की आबा काही न बोलता उठत, आणि मालकाला कळायचं ते कळे.

ही सवय लाकडापुरती राहिली असती तर प्रश्न नव्हता. बाजारात वांगी, नारळ, साबण, सगळ्यांना नख लागायचं. दिवाळीत मी बेसनाचे लाडू नेऊन दिले. पाक चुकला होता, हे मला ठाऊक होतं. आबांनी एका लाडवावर नख दाबलं, ते काही रुतेना. "ह्यो होडीला चालंल," ते गंभीरपणे म्हणाले आणि लाडू कुत्र्यापुढे टाकला. कुत्र्याने तो कडाकडा फोडून खाल्ला, तेव्हा आबांचा चेहरा असा फुलला की मला रागवायचंही सुचलं नाही.

त्या कुत्र्याचं नाव सुकाणू. तांबूस रंगाचा, गावठी, एक कान कायम दुमडलेला. मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण बायको गेल्यावर, मुलगा मुंबईला असताना, आबांच्या घरात बोलण्याजोगं दुसरं कोणी नव्हतं. आणि आबांच्या तोंडात दात नव्हते. मिश्रीने आणि आळसाने पन्नाशीतच सगळे गेले होते. मुलाने करून दिलेली कवळी डब्यात पडून असे. "माझं गेलं तं गेलं," ते म्हणत. "ह्याचं जाता कामा नये. ह्यो चावतो आनि माझा पोट भरतो."

म्हणून सुकाणूला सगळं कडक. भाताबरोबर खोबरं लागलेली करवंटी, रविवारी मटणाच्या नळ्या, आणि पुढे मुलाने मुंबईहून पाठवलेले दुधाचे वाळवून दगड केलेले तुकडे. हे चघळून कुत्र्याचे दात स्वच्छ होतात, असं पाकिटावर छापलेलं. आबांनी प्रत्येक तुकड्यावर नख दाबून पाहिलं. एकातही रुतलं नाही. "एक नंबरचा माल!" ते म्हणाले.

रोज दुपारी जेवणं झाली की भिंतीपलीकडून आवाज सुरू व्हायचा. कट्, कट्, कट्. मी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत बसलेली असे. आधी त्या आवाजाने डोकं उठायचं, मग तो नसला तर कामात लक्ष लागेना. आल्यागेल्याला आबा सुकाणूचा ओठ वर करून सुळे दाखवत. पांढरे शुभ्र, लखलखीत. "बग, कंपनीच्या भांड्यासारखा!" जबड्याच्या मागच्या बाजूला कोणी पाहिलं नाही. सुकाणू तिथवर बोट जाऊच द्यायचा नाही, आणि आबांना ते हट्टीपणाचं लक्षण वाटायचं.

पहिल्यांदा बदलला तो आवाज. एका दुपारी कट् असा एक मोठा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. पुढे सुकाणू एकाच बाजूने, मान वाकडी करून चावू लागला. त्याच्या पाण्याच्या भांड्यात गुलाबी झाक दिसायची. तो जवळून गेला की उग्र वास यायचा.

"आबा, ह्याच्या तोंडाला घाण येते हो."

"मग काय अत्तराचा वास येनार? कुत्रा हाय तो."

मग एके दिवशी त्याच्या उजव्या डोळ्याखाली गाठ आली. आबा म्हणाले, गांधीलमाशी चावली. हळद-चुन्याचा लेप लावला. गाठ फुटली, पू गेला, जखम भरली, आणि आबा मला "बघ, औषध!" म्हणून दाखवायला घेऊन आले. पुढच्याच महिन्यात त्याच जागी पुन्हा गाठ. पुन्हा लेप. मी म्हटलं, "आबा, गांधीलमाशी दर वेळी एकाच ठिकाणी कशी चावते?" त्यांनी लेपाची वाटी उचलली आणि ते चुना कालवू लागले. होडीत पाणी कुठून येतं हे जन्मभर शोधलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांना ते शोधायचं नव्हतं, असं मला वाटतं.

मग दुपारचा आवाज थांबलाच. सुकाणू तो तुकडा पुढच्या पायांत धरून बसे आणि त्याच्यावरच गुरगुरे. आबांनी त्याचा ओठ वर करायला हात घातला, तर त्याने आबांच्या मनगटाला दात लावला. चावा मोठा नव्हता. पण आबा पायरीवर बसले ते उठेनात. मीच रिक्षा बोलावली आणि आबांना, सुकाणूला घेऊन निघाले.

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या. आधी आबांच्या मनगटाकडे बघून इंजेक्शनासाठी लगेच दवाखान्यात जा म्हणाल्या, पण आबा सुकाणूला सोडून हलेनात. त्याला गुंगीचं औषध देऊन त्यांनी जबडा उघडला आणि आम्हाला जवळ बोलावलं. पुढचे सुळे तसेच लखलखीत. मागे मात्र दाढांवर तपकिरी थर चढला होता आणि हिरड्या सुजून काळ्यानिळ्या पडल्या होत्या. वरच्या सगळ्यांत मोठ्या दाढेची एक कपची उडालेली होती.

"दाढ फुटली कडक चावून," त्या म्हणाल्या. "त्या फटीतून घाण मुळापर्यंत गेली. मूळ डोळ्याच्या खालीच असतं, म्हणून गाठ तिथे येत होती. काय देत होता खायला?"

आबांनी खिशातून तो तुकडा काढला. डॉक्टरांनी तो त्यांच्याच हातात ठेवला. "ह्यावर नख दाबा बघू, आजोबा. नाही ना रुतत? मग हे द्यायचं नाही. ज्यात नख रुततं, तेवढंच कुत्र्याच्या दातांना झेपतं."

आबांनी पुन्हा दाबून पाहिलं. मग पुन्हा. मी त्यांना कितीतरी वर्षं ओळखत होते, पण त्यांचा चेहरा असा रिकामा झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि डॉक्टर "नको, नको" म्हणेपर्यंत अंगठा सुकाणूच्या तोंडात घालून त्या दाढेवरची हिरडी दाबली. नख आत गेलं. बाजूने पू आणि रक्त आलं.

"गेला," आबा म्हणाले.

"असं म्हणू नका, अजून उपाय आहेत," डॉक्टर म्हणाल्या. आबांनी मान हलवली आणि ते टेबलापासून मागे सरले, पण नख रुतल्यावर होडीपासून त्यांना असंच उठताना मी पाहिलं होतं.

उपाय झाले. मागच्या दाढा काढल्या, आबांची इंजेक्शनंही झाली. सुकाणू घरी आला आणि चार दिवस मलाही खोटी आशा वाटू लागली. आबा मऊ पेज करायचे, त्यात काटे काढलेला मासा कुस्करायचे, आणि त्याच पातेल्यातली आपणही प्यायचे. "आता दोगंव बोळकं," ते मला म्हणाले आणि हसलेसुद्धा. मग सुकाणूला धाप लागू लागली. डॉक्टर घरी येऊन गेल्या. तोंडातलं विष किती महिने रक्तात उतरत होतं कोण जाणे, ते आता हृदयापर्यंत पोचलंय, म्हणाल्या. एका दुपारी, मांडवात अर्धवट राहिलेल्या होडीच्या सावलीत, सुकाणूने मान टाकली. आबांनी त्याला माडाखाली पुरलं. मला रडू आलं, कुत्री आवडत नसूनही.

त्यानंतरच्या एका दुपारी मी वह्या तपासत होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला. कट्. मी खुर्ची ढकलून धावले. क्षणभर मला खरंच वाटलं होतं की तो आहे.

आबा मांडवात बसले होते. समोर सागाची फळी, हातात पटाशी. अंगठा फळीवर ठेवून त्यांनी ते जाड नख मुळापासून छाटलं होतं. थोडं रक्त आलं होतं.

"आबा, काय केलंत हे? होडी कशी बघणार आता?"

"नाय बघनार," ते म्हणाले. छाटलेला तुकडा त्यांनी लाकडाच्या भुशात लोटला. "लाकडाचा शाना झाला म्हनून सगल्याचा शाना नाय होत मानूस."

आता होडी दाखवायला कोणी आलं की ते बसल्या जागेवरून सांगतात, "दुसरा सुतार बगा. माझ्याकडं नख नाय." माणसं हसतात, त्यांना वाटतं म्हातारा गंमत करतोय.

नख मात्र वाढतंच. दर काही दिवसांनी, दुपारी, भिंतीपलीकडून तो एकच आवाज येतो. माझा हात वहीवर थांबतो. मी वाट पाहते. दुसरा आवाज येत नाही.