काकूंची पट्टी

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या समूहगानाची मी संचालिका आहे. का, तर हॉलची किल्ली माझ्याकडे असते. संगीतातलं मला बेताचंच कळतं, पण किल्लीवाली आल्याशिवाय तालीम सुरू होत नाही. त्यामुळे हळूहळू मीच पुढे उभी राहून हातवारे करू लागले आणि लोक त्याला दिग्दर्शन म्हणू लागले. माझ्या हातांकडे अर्थात कुणी बघत नसे. सगळे काकूंकडे बघत.

काकू लक्ष्मी गेटजवळ राहतात. त्यांचं सासर इथं इतकं जुनं की त्या घरातल्यांनी महाराष्ट्र पाहिला तो लग्नाकार्यापुरता. गणपतीत आम्ही जे नमन म्हणतो तेही त्याच घरातल्या कुणा पूर्वजानं रचलेलं. त्याची पहिली ओळ एकटीनं उचलायची हा मान काकूंना सासूबाईंकडून मिळाला. त्या वेळी पेटीसुद्धा गप्प. काकू डोळे मिटणार, खाकरणार, ओळ म्हणणार आणि मग बाकीचे मागून येणार. त्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही. लहानपणी मी एकदा उघडलं होतं, तर आईनं असा चिमटा काढला की पुढचं सगळं नमन मी रडतच म्हटलं.

वय वाढलं तसा काकूंचा आवाज खाली उतरत गेला. हे त्यांना कळलं नाही आणि आम्हालाही नाही. कळलं होतं फक्त पेटीवाल्या भैयांना. सीपरी बाजारात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. मराठीचा गंध नाही, पण नमन आमच्यापेक्षा चोख पाठ. काकूंची ओळ संपली की ते मुकाट्यानं तो सूर पेटीवर शोधत आणि तिथून आम्हाला पुढे नेत. बोटं वर्षागणिक डावीकडे सरकत होती. आम्हाला वाटे, नमन कसं भारदस्त होत चाललंय! पुरुष मंडळी तर भलतीच खूश होती. एका ओळीत सूर अगदी तळाला जातो, तिथे आम्हा बायकांच्या घशातून नुसती हवा निघायची. त्या हवेलाच आम्ही परंपरा समजत होतो.

मग इथल्या सरकारी कंपनीत एक इंजिनीअर बदलून आले. त्यांची बायको नाशिकची, गाणं शिकलेली. आम्ही लगेच तिची 'नाशिकवाली' करून टाकली. आम्ही मराठी खरे, पण मागे 'वाली' लावल्याशिवाय आम्हाला माणूस ओळखू येत नाही. पहिल्याच तालमीत तिनं विचारलं, "पट्टी कोणती?"

आम्ही एकमेकींकडे बघू लागलो. भैया म्हणाले, "जौन अम्माजी पकर लें, ओई." म्हणजे अम्माजी जी धरतील तीच.

त्या दिवशी काकू गेल्यावर तिनं आम्हाला थांबवून घेतलं आणि तेच नमन काळी चारमधून, म्हणजे बरंच वरून, म्हणायला लावलं. तळाच्या ओळीत मला चक्क स्वतःचा आवाज ऐकू आला. मी दचकलेच. शेजारणीही दचकल्या. आपल्याला आवाज आहेत हे इतक्या जणींना एकदम समजलं की तालीम संपल्यावरही कुणी चपला घालेना.

"ताई, काकूंना तुम्हीच सांगा," ती म्हणाली. किल्ली माझ्याकडे ना!

मी गेले. काकूंनी सांजोऱ्या पुढे ठेवल्या, मुलांची चौकशी केली, परत सांजोऱ्या वाढल्या. तोंडात सांजोरी असताना 'तुमचा आवाज उतरलाय' असं कुणाला सांगता येईल? मी एवढंच म्हणाले की यंदा फोनवर तंबोरा लावायचा विचार आहे.

"लाव ना बेटा. मला काय दिक्कत?" त्या म्हणाल्या.

घरच्या गणपतीच्या गडबडीत उरलेल्या तालमींना त्या आल्या नाहीत. नमन त्यांना शिकवायचं कुणी?

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. नाशिकवालीनं फोन माइकजवळ ठेवला आणि काळी चारचा तंबोरा झंकारू लागला. काकूंनी डोळे मिटले, खाकरल्या आणि तो सूर धरून ओळ उचलली. पहिले शब्द निघाले. वर जायच्या जागी आवाज चिरकला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा तिथेच चिरकला, मग त्या थांबल्या. आम्ही सगळे तोंड मिटून उभे. काकूंची ओळ झाल्याशिवाय गायचं नाही हे आमच्या हाडीमासी इतकं भिनलेलं की कुणाला सुचेचना. मी हात वर केलेले होते, ते तसेच. शेवटी नाशिकवालीनं ओळ पकडली आणि नमन कसंबसं पार पडलं.

आरती संपली तेव्हा काकू प्रसाद न घेताच निघून गेल्या होत्या.

पुढच्या तालमींना त्या आल्या नाहीत. फोन केला की म्हणत, "गुडघा दुखतोय." मला फार वाईट वाटत होतं. त्यांचे दोन्ही मुलगे बंगळूरला, नातवंडं फोनवर हिंदीत बोलणारी. आठवड्यातून एकदा मनमुराद मराठी बोलायला आणि गायला त्यांना आमच्याशिवाय दुसरी जागा नव्हती. ती जागा आता सुटणार असं दिसत होतं. जुन्या घरातल्या बायका नाशिकवालीशी धड बोलेनात. तीही येई, कोपऱ्यात उभी राही आणि एकदासुद्धा पट्टीचं नाव काढत नसे.

कोजागिरीच्या तालमीला मात्र दाराशी ई-रिक्षा थांबली आणि काकू उतरल्या. नेहमीच्या जागी न थांबता त्या थेट मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

"आजपासून ओळ हिनं उचलायची," नाशिकवालीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या.

एक बाई पुटपुटल्या, "पण काकू, त्या तर बाहेरच्या..."

"आणि मी कोण झाशीत जन्मले? ग्वाल्हेरची आहे मी. सासूबाईंनी दिलीच ना मला?"

नाशिकवाली पुढे आली. तिनं डोळे मिटले आणि ओळ उचलली, ती काळी चारमधून नव्हे. खूप खालून, थेट काकूंच्या सुरात. ज्या सुरासाठी तिनं सगळ्यांचा राग ओढवून घेतला तो तिनं मुकाट्यानं सोडून दिला होता.

काकूंनी खुर्चीच्या हातावर चापट मारली. "हे काय? इतकं नीचे कशाला? मी बुढी झाले, तुला काय झालंय?"

आम्ही सगळ्या हसलो. नाशिकवालीला हसू आलं नाही. तिनं पुन्हा डोळे मिटले आणि वरून सुरुवात केली. भैयांनी मान डोलावली. आम्ही मागून गेलो. हातवारे विसरून मी मागच्या रांगेकडे पाहत होते. वरच्या ओळींत काकूंचे नुसते ओठ हलत होते. त्यांना असं बिनआवाजाचं मी कधी पाहिलं नव्हतं आणि ते मला बघवत नव्हतं.

मग तळाची ओळ आली आणि मागून काकूंचा आवाज लागला, भरलेला, नेमका. आम्ही सगळ्यांनी आपापला आवाज थोडा कमी केला.