मी कापलेली लेस

फायनलला बारा मिनिटं उरली होती आणि मी नमिताच्या बुटांवर पांढरी टेप गुंडाळत होतो.

बूट म्हणजे स्पाइक्स, तळाला खिळे असलेले. बेंगळुरूतली मोठी मीट, चारशे मीटर हर्डल्स. शर्यतीआधी आठही जणींना कॉल रूममध्ये बसवतात. तिथे माझ्यासारखा ऑफिशियल त्यांचे नंबर, खिळे, पिशव्या तपासतो. परवानगी नसलेला लोगो दिसला की त्यावर टेप चिकटवतो. माझा हात या कामात इतका बसलाय, की एकदा मी एकीचा नंबरच झाकला होता.

नमिता देशातली अव्वल हर्डलर. आपली जोडीदार मुलगी आहे, हे तिने उघड सांगितलं होतं. तेव्हापासून मैदानावर कुणाला त्यावरून हिणवलं की ती मध्ये पडायची. त्या मोसमात तिने सराव कॅम्पमधल्या सगळ्यांना इंद्रधनुष्याच्या रंगांच्या लेस वाटल्या. घेतल्या सगळ्यांनी, घातल्या तिने एकटीने.

"सर, हे कुठल्या नियमात बसतं?" तिने विचारलं.

"जाहिरातीच्या."

"कसली जाहिरात?"

मी टेपचा आणखी एक वेढा दिला.

"हे रंग झाकून मी पळणार नाही," ती म्हणाली. आवाज जराही चढला नाही.

वॉकी-टॉकीवर रेफरींना गाठलं. आमचे मूर्ती सर. मीटमध्ये शेवटचा शब्द त्यांचा.

"लेसवर काही लिहिलंय?"

"नाही सर."

"कुठल्या कंपनीचं चिन्ह?"

"नाही."

"मग टेप कशाला, देसाई? नियमांचं पुस्तक वाचता की नुसतं उशाला घेता? काढा ते. स्वल्प बेग, जरा लवकर."

मी लावलेली टेप हाताने कधीच निघत नाही. याचा मला त्या दिवसापर्यंत अभिमान होता. कात्री घेतली. डाव्या बुटाची टेप सुखरूप निघाली. उजव्या बुटाची निघाली ती लेससकट, दोन तुकड्यांत.

नमिताची बॅग, आतल्या जादा लेससकट, मीच तपासून पुढे पाठवली होती. सैल बुटाने हर्डलवरून उडी म्हणजे घोट्याशी खेळ. सहा मिनिटं उरली होती.

"सर, माझ्याकडं हाय."

सात नंबरच्या लेनमधली रेखा. निपाणीची, पहिलीच फायनल. तिची पिशवी तपासायची राहिली होती. तळातून तिने त्याच लेसचं पाकीट काढलं. न फोडलेलं.

"घातली का नाहीस गं?" नमिताने लेस ओवता ओवता विचारलं.

"घरचे टीव्हीवर बघत्यात, अक्का."

दुसरी लेस रेखाच्या हातात राहिली. तिने ती बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग माझ्याकडे बघितलं.

"सर, ही मी घातली तर चालंल का?"

"नियमात काही नाही," मी म्हणालो. जणू पुस्तक मीच लिहिलं होतं.

"घरी कुणी विचारलं तर सांग," नमिता म्हणाली, "या सरांनी कात्री चालवली, त्या गडबडीत झालं."

"सांग, सांग," मी म्हणालो. "खोटं कुठे आहे?"

नमिता दोन्ही पायांत आणि रेखा एका पायात तेच रंग घालून ट्रॅकवर गेली. नमिता दुसरी आली, रेखा सहावी.

आठवड्याने सरावाच्या मैदानावर रेखा भेटली. आता लेस दोन्ही बुटांत होती.

"घरच्यांनी विचारलं?"

"विचारलं की. बाबा दोन दिस बोलले नाहीत. काल फोनवर म्हणाले, पुढची शर्यत कधी हाय."

"आणि माझ्या कात्रीचं सांगितलंस ना?"

"नाही सर. मीच घातली म्हणून सांगितलं."

वीस वर्षांत माझी एक चूक कुणाच्या उपयोगी पडणार होती, तीही तिने वापरली नाही. मी आता टेपला हात लावण्याआधी पुस्तक उघडतो. कात्री मूर्ती सरांनी स्वतःकडे ठेवलीय.