हसणारे बाहेर

आजोबांनी जन्मभर कारखान्याच्या फाटकावर पहारा केला. सख्ख्या भावाचा डबाही उघडून पाहिल्याशिवाय सोडला नाही. नातीने संगणकावर सूचनांचे रंगीत ठोकळे जोडून कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं ते ठरवायचा खेळ मांडला, तेव्हा नियमही त्यांनीच सांगितला. "उगाच हसतो ना, त्याला बाहेर काढ. तिथं पाणी मुरतंय समज."

नातीने 'जर हसरा, तर बाहेर' असा ठोकळा जोडला. पडद्यावरचा दुकानदार गेला, डॉक्टर गेला, मग दोन वेण्यांची मुलगीही गेली.

"ही कोण गं?"

"मी. नियम तुमचाच आहे, आजोबा."

आजोबांनी संगणकाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "याला माणसांची पारख नाही," असं पुटपुटत त्यांनी तो ठोकळा स्वतःच ओढून काढला.

"आता सगळेच आत येतील."

"येऊ देत. मी बसतो इथं."