माझ्या वाट्याची मूठ

२०२३ साल. मला बहात्तरावं लागलेलं. डाव्या डोळ्याखालची गाठ काढली, तिथली कातडी आक्रसली नि खालची पापणी ओढली गेली. डोळा झोपेतही मिटेना. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळ सुकतंय, असंच राहिलं तर नजर जाईल. धुळ्याला जा, तोंडातल्या टाळूचा तुकडा काढून पापणीत आतून बसवतील. मी भडकलो. डोळा आहे का गोधडी, ठिगळ लावायला?

मी तिसरी शिकलेला, पण कुणापुढं वाकलो नाही. भीती वाटते हे घरात बोललो नाही. श्रावण होता, घरी आमची खानदेशातली देवी कानबाई बसायची होती. आमच्याकडं तिच्या नैवेद्याच्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषामागं सव्वा मूठ गहू धरतात, नि तो रोट घरच्यांनीच संपवायचा असतो. निघताना रागात सुनेला म्हटलं, "माझी मूठ धरू नको. खायला मी असेन, नसेन."

धुळ्याच्या दवाखान्यात खाटेवर पडलो नि ते बोलणं छातीत रुतलं. मूठ जित्या माणसाची धरतात. मी माझ्याच तोंडानं स्वतःला घरातून वजा केलं होतं. आता कानबाई मायनं माझ्याकडं का बघावं? मुलगा औषधं आणायला गेला तशी मी पिशवी भरायला घेतली.

शेजारच्या खाटेवर पहूरचा एक म्हातारा होता. त्याची बायको म्हणाली, "आबा, डोळा इथंच ठेवून चालले का?"

कसं कोण जाणे, त्या परक्या बाईला मी सगळं सांगून टाकलं.

"मग सुनेला विचारा ना."

"मी नाही विचारणार."

"ऱ्हाऊ द्या तुमचा ताठा," म्हणत तिनं माझ्याच फोनवरून सुनेला लावला नि माझ्या कानाला धरला. मग विचारावंच लागलं, माझी मूठ धरली का.

सून म्हणाली, "आबा, तुमनी मूठ तं मी तवयच धरेल शे. तुमनं आयकं नही मी. आते गुपचूप डोळा नीट करीसन या."

माझी मूठ तिनं तेव्हाच धरली होती. मी पिशवी खाटेखाली सारली.

आज डोळा मिटतो. त्या बाईचं नावही विचारायचं राहिलं. मी कानबाई मायला सोडलं होतं, तिनं मला सोडलं नव्हतं, एवढं मला कळलं. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं ऑपरेशनचा कागद पुढं केला. न वाचता मी आजवर कशावर सही केलेली नाही. मुलाला विचारलं, "तू वाचला ना?" तो हो म्हणाला, नि मी सही केली.