पान अकरावरचं वाक्य

आमच्या घरमालकांइतका संतापी माणूस लातुरातच काय, अख्ख्या मराठवाड्यात नसेल. आणि इतक्या रास्त गोष्टींवर संतापणारा तर नसेलच. सकाळी पेपर उघडला की ते चिडत, चहा होईस्तोवर भडकत आणि अंघोळीला जाताना साऱ्या मानवजातीला अंगठे धरून उभं करून जात. निवृत्त प्राथमिक शिक्षक. पण स्वतःची ओळख ‘मुलांचा लेखक’ अशीच करून द्यायचे. माणसानं माणसाला जातीवरून, रंगावरून, बोलीवरून हिणवू नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी तीसेक पुस्तिकांमधून जन्मभर सांगितली. पुस्तिका स्वतःच छापायच्या, पिशवीत कोंबायच्या आणि एसटीनं किल्लारी, लोहा, हिमायतनगर करत शाळांना द्यायच्या. नुसत्या देऊन भागत नसे. वर्गात उभं राहून वाचून दाखवायच्या, आणि मागं एखादं पोर वेगळं बसवलेलं दिसलं तर पुस्तक मिटून आधी सगळ्या वर्गाची बसकरं हलवायची.

मी नांदेडहून बदलून आलो आणि खोली बघायला गेलो तेव्हा सवयीनं आडनाव सांगू लागलो, तर सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. “निस्तं नाव सांगा. आडनाव विचारून खोली द्यायला मी काय बाकीच्या गल्लीसारखा हाय का?” तत्त्व थोर होतं. पण पुढं माझ्या आडनावावर आलेली दोन पत्रं त्यांनी ‘असा कुणी इथं राहत नाही’ म्हणून बाणेदारपणे परत धाडली.

पुस्तिकांच्या चित्रकाराशी तर त्यांचं उभं वैर. त्यानं एकदा रीतीप्रमाणे राक्षस काळाकुट्ट रंगवून आणला. सर ताडकन उठले. “राक्षस काळाच का? तुमच्या घरी जेवायला आलता का कधी?” चित्रकार म्हणाला, “सर, गोरा राक्षस पोरं ओळखायची न्हाईत.” “मग ओळखायला शिकवू की! त्याच्यासाठीच तर छापून राहिलो!” शेवटी राक्षस गुलाबी गालांचा, गोरापान झाला, आणि एका शाळेतल्या बाईंनी हे कुठल्या कारखान्याचे चेअरमन, असं भाबडेपणानं विचारलं.

अशा माणसाकडे जोसेफ आला. टांझानियाचा हा तरुण शेतीचं शिक्षण घ्यायला लातुरात आला होता, आणि नऊ घरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. एकानं तर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी त्याच्यादेखत उतरवली. सरांनी त्याला वरची खोली दिली. आठच दिवसांत समोरच्या काकांना पुढं घालून गल्लीतली चार माणसं आली.

“सर, ह्ये बरं न्हाई केलं,” काका म्हणाले. “आमच्या लेकीबाळी भितात.”

“लेकीबाळी वर त्याच्याकडून गणितं सोडवून घेऊन राहिल्यात. भेता तुम्ही!”

“ही माणसं कशी असतात ते तुम्हाला ठावं न्हाई.”

“तुम्हाला ठावं हाय? किती बघितली?”

काकांनी एकही बघितलेलं नव्हतं. तरी त्या आठवड्यात टँकर आला तेव्हा जोसेफची घागर कुणीतरी रांगेतून उचलून पार शेवटी नेऊन ठेवली. मला ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. अडाणी नव्हती हो ही माणसं! यांचीच पोरं परदेशात भाड्याच्या खोल्या शोधत होती. पुढच्या टँकरला सर उन्हात छत्री उघडून त्या घागरीशेजारी उभे राहिले आणि सगळ्या रांगेला स्वतःची एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली. पाणी सोडून जायची कुणाची हिंमत नव्हती. गोष्ट पुरी ऐकावी लागली.

जोसेफ मराठी शिकत होता, तीही सरांच्याच पुस्तिकांवर. एका रविवारी दुपारी तो एक जुनी पुस्तिका घेऊन खाली आला. आफ्रिकेतल्या मुलाची गोष्ट होती. चित्रात मुलगा उघडाबंब, कमरेला नुसती पानं. आणि पान अकरावर शेवटचं वाक्य, ‘तो रंगाने काळा, पण मनाने गोरा होता.’ हे वाक्य सरांच्या भारी आवडीचं. शाळाशाळांतून ते पोरांकडून तालावर म्हणवून घेत.

जोसेफनं शब्द जुळवत विचारलं, “सर, मन पण काळं असलं, तर काय बिघडलं?”

आता भडका उडणार म्हणून मी मागं सरकलो. उडाला नाही. सरांनी चष्मा काढला आणि तो नुसताच हातात धरून बसले. पुढचे दोन दिवस ते कुणावरही रागावले नाहीत, आणि घर कसं आजाऱ्याच्या घरासारखं वाटू लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज फुटला.

“तीस वर्षं पोरांना विष पाजून राहिलो मी! आणि वर त्या समोरच्याला अक्कल शिकवून राहिलो!”

“सर, तुमचा हेतू तर चांगला होता,” मी म्हणालो.

“हेतू घाला चुलीत! पोरांनी हेतू न्हाई वाचला, वाक्य वाचलं.”

त्यांनी चिठ्ठ्या छापून घेतल्या. ‘पान अकरावरचं वाक्य मी चुकीचं लिहिलं. चित्रही चुकलं. मुलांनो, मला माफ करा.’ खाली सही. जिथं जिथं ती पुस्तिका दिली होती तिथं तिथं, पंच्याहत्तरीत, दुखऱ्या गुडघ्यांनी, खळीचा डबा घेऊन ते निघाले. अधूनमधून रजा टाकून मी सोबत जाई. कपाटं उघडायला लावायची, धूळ झटकायची, चिठ्ठी चिकटवायची. एका शाळेत पुस्तिका कपाटाच्या पायाखाली टेकू म्हणून सापडली; तीही काढून चिकटवली. एक मुख्याध्यापक हसून म्हणाले, “जाऊ द्या सर, एवढं कोण बघतंय?” सर गरजले, “मी बघून राहिलो ना!”

जोसेफ शिकून मायदेशी गेला, सरही आता नाहीत. पण हिमायतनगरकडच्या एका खेड्यातली शाळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिथं कपाटात पुस्तिका नव्हती. चौथीतली एक मुलगी म्हणाली, “माझ्या घरी हाय,” आणि धावत जाऊन घेऊन आली. सरांनी चित्र उघडलं. त्या उघड्या मुलाच्या अंगावर कुणीतरी निळ्या पेनानं शर्ट काढला होता. बाह्या, कॉलर, गुंड्या, सगळं.

“ह्ये कुणी केलं?”

“म्या,” मुलगी घाबरून म्हणाली. “त्याला थंडी वाजत असंल म्हून.”

सरांनी चिठ्ठी लावली, पण शर्टाला धक्का लागणार नाही अशी, अगदी खाली.

“त्या पोरीला मी माझं वाक्य विचारलं,” परतीच्या एसटीत ते म्हणाले. “तिच्या ध्यानातच न्हाई. बरं झालं.”

इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.