पहाटे साडेचारचा चोर

भडगावच्या पुष्पाबाई अहिरे धुळ्याच्या एका खासगी तंत्रनिकेतनात संगणक शिकवत. नेमणूक दर वर्षी नव्याने, म्हणून बोलणं जपून. पण अठ्ठ्याण्णव साली परीक्षा विभागाच्या मशीनवर लिनक्स ही फुकटची संगणकप्रणाली बसवताना त्या ठासून बोलल्या होत्या. मासिकासोबत फुकट आलेली सीडी, कोण कुठल्या देशातला माणूस हे लिहितो, त्यात चोरदरवाजा ठेवला नसेल कशावरून, असं प्राचार्य तोताराम महाजन विचारत होते. बाई म्हणाल्या, आतलं सगळं उघडं आहे सर, कोणीही वाचावं.

मार्चात प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आठवड्यात त्यांनी ये-जा नोंदवणारी फाईल सहज उघडली आणि पुन्हा वरपासून वाचली. रोज पहाटे साडेचारच्या सुमारास कोणीतरी मुख्य पासवर्डाने आत शिरत होतं. खोलीला तेव्हा कुलूप. मशीन मात्र चालू आणि टेलिफोनच्या तारेने बाहेरच्या जगाला जोडलेलं.

त्यांनी स्वतःच जाऊन प्राचार्यांना सांगितलं. सरांनी आवाजही चढवला नाही.

"बाई, कोणीही वाचावं म्हणालात. तुम्ही वाचलंत?"

नव्हतं वाचलं. जगात कोणीतरी वाचलं असेल, एवढ्यावरच विसंबल्या होत्या.

शनिवारपर्यंत उलगडा नाही झाला तर मशीन जाईल, असं सर म्हणाले. मशीनमागोमाग कोण जाईल, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाईंनी महिन्याच्या नोंदी छापून टेबलावर पसरल्या. उखर्डू शिपाई किल्ल्यांची वही घेऊन शेजारी उभा राहिला. एकेक तारीख ताडून बघताना तो म्हणाला, "बाई, चोर मोठा शिस्तीना शे. आयतवारले येत नही. तुम्ही लगीनले भडगावले गयात, त्या दिन बी उना नही."

रविवारी नाही, आपण लग्नाला गेलो त्या दिवशीही आला नाही; बाई हसल्या नाहीत. त्यांनी फूटपट्टी उचलली. वहीत कुलूप उघडल्याची वेळ दहा वाजून तीन मिनिटं; कागदावर चार पस्तीस. दुसऱ्या दिवशी दहा अकरा. कागदावर चार त्रेचाळीस. आणि आपण रोज दहाला शिरतो, ती नोंद कुठेय? कुठेच नव्हती.

मग त्यांनी नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे त्याच्या मूळ आज्ञा, सीडीवरून छापून काढला. पाच पानं. ओळीखाली पट्टी सरकवत वाचली. चौथ्या पानावर सापडलं: हा प्रोग्राम वेळ लिहितो ती ग्रिनिचची. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटेचा चोर म्हणजे दहाच्या पुष्पाबाई.

त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि पोट धरून हसल्या. उखर्डूला कारण कळायच्या आधीच तोही हसू लागला.

सरांनी पाचही पानं चष्मा लावून पाहिली. कळली किती, देव जाणे.

"बाकीचं सगळं वाचलंत?"

"नाही सर. ते एका जन्मात व्हायचं नाही. पण शंका आली तिथं उघडून बघता आलं."

सरांनी पानं नीट जुळवून परत दिली. मग कपाटातून प्रश्नपत्रिकांचा लिफाफा काढून त्यांनी बाईंपुढे सरकवला.

"सोमवारपर्यंत टाइप करून द्या. आणि ती टेलिफोनची तार तेवढी काढून ठेवा."

"काढली सर, मंगळवारीच," बाई म्हणाल्या आणि चार दिवसांत पहिल्यांदा डबा उघडायला गेल्या.