तारांची टोपी

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, म्हणून लिहायचं धाडस करतोय. चुकलं तर माफ करा. लातूरच्या क्लासच्या गल्लीत मेंदूचा आलेख काढणारे एक सर होते; ते लोकांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून मिरगी शोधायचे. पालक विचारायचे, "साहेब, पोरगं डॉक्टर होईल का?"

"ते यंत्राला कळत न्हाई. अन् फिट आली तर चप्पल हुंगवू नका!"

बोलता बोलता ते थांबायचे, एकटक बघत राहायचे. एकदा मी भीतभीत म्हणालो, "सर, तुम्हीपण टोपी घाला की."

"मला काय झालंय?"

काल कळलं, मुखेडच्या बाजारात ते फिट येऊन पडले. टोपीची पेटी शेजारीच होती. लोकांनी चप्पल हुंगवली. शुद्धीवर येताच सर ओरडले, "चप्पल कशाला?"

लोक म्हणाले, "लागू पडली की!"